होम प्लेटवरचं हळद-कुंकू

आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात कुणाला सांगितलं की माझ्या पोरी बेसबॉल खेळतात, तर समोरचा आधी दयेनं पाहतो आणि मग विचारतो, "क्रिकेटमध्ये नंबर नाही लागला का?" मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही हेच विचारलं असतं. माझी थोरली आठवीत असताना एका संध्याकाळी हातात चामड्याचा भला मोठा पंजा घालून घरी आली आणि दारातूनच ओरडली, "आई, माझं सिलेक्शन झालं!" आठवडी बाजाराचा दिवस होता. माझं कटलरीचं दुकान आहे, बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडर असलं सगळं. दिवसभर बायांच्या हातात बांगड्या चढवून माझी बोटं सुजली होती. मी म्हटलं, "हे काय उचलून आणलं गं? कोणाच्या गाडीचं सीट फाडलं?"

सिलेक्शन कसलं आलंय! शाळेत जेवढ्या पोरी मैदानावर सापडल्या तेवढ्या सगळ्या घेतल्या होत्या, आणि तरी कमी पडत होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सातवीतल्या माझ्या धाकटीलाही धरून नेलं. तिचंही सिलेक्शन झालं. एका घरात दोन सिलेक्शन, आणि घरात कुणाला तो खेळ कशाशी खातात ते ठाऊक नाही.

खेळाचे सर मला समजावायला दुकानात आले. स्टुलावर बसले, चहा घेतला आणि हळू आवाजात, जणू काही चोरीचा माल विकून राहिले आहेत अशा थाटात म्हणाले, "ताई, क्रिकेटात पोट्टे किती, तुमीच पाहा. कबड्डीत बी गर्दी. बेसबॉलात जिल्ह्यात टीमच नाहीत. दोनचार शाळा फक्त. हारलं तरी नंबर येते. दहावीले ग्रेस मार्क, पुढं नोकरीत खेळाडूचा कोटा. मैदान मोकळं आहे, घुसून घ्या." खेळाविषयी एक अक्षर बोलला नाही हा माणूस. बॉल कसा असतो, पोरी पळतात कुठं, जिंकलं कसं म्हणायचं, काही नाही. रिकामा प्लॉट दाखवावा तसा त्यानं मला खेळ दाखवला.

आणि बाकीचे आईबाप काय सोन्याचे होते? शाळेत पालकांची बैठक झाली तिथं एकानंही विचारलं नाही की पोरीला लागेल का, पडेल का. सगळ्यांचा एकच प्रश्न, सर्टिफिकेट कधी मिळते. एका बाईनं तर विचारलं, "पोरगी खेळली नाही, नुसती टीममध्ये नाव राहिलं तर चालते का?" सर म्हणाले, चालते. मग ती बाई तीन वर्षं मैदानाकडे फिरकली नाही, आणि तिची पोरगी बाकावर बसून केसांच्या वेण्या घालत राहिली. अशा लोकांच्या जोरावर देशात खेळ वाढतो म्हणे.

मी त्यांच्यापेक्षा शहाणी होते असं नाही. मला तर तो खेळच बावळट वाटत होता. पोरी घरी येऊन भाताच्या भांड्यांची झाकणं जमिनीवर मांडायच्या आणि समजावायच्या. हे पहिलं बेस, हे दुसरं, हे तिसरं, आणि ही होम प्लेट. बॉल मारायचा, बॅट टाकून द्यायची आणि पळायचं. मी म्हटलं, "बॅट टाकून? बॅट कायले टाकायची? लढाई सोडून पळाल्यासारखी?" धाकटी म्हणाली, "आई, बॅट घेऊन पळलं तर वजन होते ना." थोरली म्हणाली, सगळी बेस फिरून पुन्हा होम प्लेटवर यायचं, मग एक रन. मी म्हटलं, "म्हणजे जिथून निघालं तिथंच परत यायचं. एवढ्यासाठी दुपारभर उन्हात? हे तर मी रोज करून राहिली, मले कोणी सर्टिफिकेट दिलं नाही." यांना, म्हणजे पोरींच्या बाबांना, हे फार आवडलं. ते खो खो हसले आणि पुढचे आठ दिवस धानाच्या बांधीवर भेटेल त्याला सांगत सुटले.

सरावाचं मैदान म्हणजे गावाबाहेरची धान कापून झालेली बांधी. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, मधे कापलेल्या धानाची टोकं पायात रुततात, आणि पलीकडे राइस मिल. सरांनी मिलमधून जुने बारदाने मागून आणले, त्यात धानाचा कोंडा भरला, तोंडं शिवली आणि म्हणाले, ही झाली बेस. माणूस शिकलेला, पण कोंडा कोण खातं एवढं त्याला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी एक गाय धुरा ओलांडून आली आणि दुसऱ्या बेसवर तोंड घालून उभी राहिली. धाकटी त्याच बेसवर पळत येत होती. सर लांबून ओरडले, "बेसले हात लाव, हात लाव!" ती म्हणाली, "सर, बेस खाऊन राहिली ना ती!" मग सगळ्या पोरींनी मिळून गाय हाकलली, आणि उरलेला सराव तीन बेसांवर झाला. मी हे ऐकलं आणि म्हटलं, बस झालं, यापेक्षा दुकानात बसा, निदान चार रिबिनी विकाल.

माझं मन फिरलं ते मंडईच्या दिवशी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी घरी पाहुण्यांचा नुसता ओघ असतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणी येतात, त्यांची पोरं येतात, जावई येतात, आणि घरातली बाई सकाळपासून चुलीपुढून उठत नाही. चोरखमारा गावात दिलेली नणंद सकाळीच आली होती आणि खाटेवर बसून विचारत होती, "वहिनी, वडे झाले का वो?" आणि माझ्या दोन्ही पोरी कुठं? बांधीत. गोंदियाच्या एका शाळेची टीम सराव सामना खेळायला आली होती म्हणे. मंडईच्या दिवशी! माझं डोकं भणाणलं. पीठ परातीत तसंच टाकलं, पदर खोचला आणि दोघींना कान धरून आणायला निघाले.

मी धुऱ्यावर पोहोचले तेव्हा गोंदियाच्या पोरी आमच्या कोंड्याच्या पोत्यांकडे पाहून हसत होत्या. त्यांच्यातली एक उंच, भरल्या अंगाची पोरगी बॅट घेऊन उभी राहिली आणि मागच्या मैत्रिणींना म्हणाली, "अरे, ये बोरी पे भागना है क्या? हमारे यहाँ तो गोदाम में रखते हैं." सगळ्या फिदीफिदी. आणि तिच्यासमोर बॉल घेऊन उभी माझी थोरली. एक गुडघा वर घेतला, हात मागे नेला आणि बॉल सोडला. त्या पोरीनं बॅट फिरवली, वाऱ्याला लागली. दुसरा बॉल, पुन्हा वारा. तिसऱ्याला ती पोरगी एवढ्या जोरात फिरली की स्वतःच गोल वळून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पंचानं, म्हणजे सरांनीच, अंगठा वर केला. आऊट. थोरलीनं काही केलं नाही, नाचली नाही, ओरडली नाही. फक्त दुसरा बॉल मागितला.

आता मला सांगा, बाईमाणसाला असं भर उन्हात, चार लोकांदेखत, आपल्याला हसणाऱ्याला "चाल, बाजूला हो" म्हणायला कुठं मिळतं? मला तर उभ्या जन्मात मिळालं नाही. मी धुऱ्यावर बसले. पुढचीही पोरगी गेली, त्याच्या पुढचीही. घरी पीठ आंबत होतं, नणंद वाट पाहत होती, आणि मी तिथं बसून मोठ्यानं ओरडत होते, "टाक! टाक तिले!" घरी परतले तेव्हा नणंद म्हणाली, "पोट्टीले आणाले गेलती ना? मग तूच काऊन बसून राहिली तठी?" मी म्हटलं, वडे होतात की, एवढं काय.

त्यानंतर घराची घडीच बदलली. थोरलीला सरावासाठी बॉल झेलणारं कुणी लागे. धाकटीचा हात दुखे, किंवा तिला दुखायचा असे. मग अंगणात पाटावर मीच बसू लागले, हातात तो चामड्याचा पंजा घालून. पहिल्या दिवशी बॉल पंज्यात आला तेव्हा मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसऱ्या दिवशी मजा येऊ लागली. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय वो, येड लागलं का? या वयात चेंडू झेलून राहिली!" मी म्हटलं, "तू सिरियल पाहून रडतेस, ते कोणत्या वयातलं आहे?" तिनं महिनाभर तोंड फिरवलं. तेवढीच शांतता.

मग पोरींनी मोबाइलवर अमेरिकेतले सामने दाखवले. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. मी चुलीवर चहा ठेवायची आणि मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवायची. पहिले काही दिवस तर मला त्या खेळाडूंचा रागच आला. सगळे गाल फुगवून काहीतरी चघळतात आणि खेळता खेळता पचापच थुंकतात. मी म्हटलं, "गंऽ बाई, तिकडं बी खर्रा भेटते का?" आमच्या भागात सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन भिंती लाल करणारे कमी आहेत का, की ते पाहायला आता अमेरिकेत जायचं! थोरली म्हणाली, सूर्यफुलाच्या बिया असतात. असतील. थुंकणं ते थुंकणंच. पण एक गोष्ट मला त्यात फार आवडली. तो काळा पोशाख घातलेला पंच, जाडजूड, छातीवर चिलखत, दर थोड्या वेळानं वाकायचा आणि खिशातला लहानसा ब्रश काढून होम प्लेट झाडून स्वच्छ करायचा. सामना थांबवून. एवढे हजारो लोक बसलेत आणि हा माणूस झाडू मारतोय. मी यांना दाखवलं. "पाहा, पुरुष असून झाडून राहिला." यांनी मान फिरवली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण थोरली दहावीत गेली आणि हसणं संपलं. पुढच्या वर्षी ती गोंदियाला कॉलेजात जाणार, आणि त्या कॉलेजात हा खेळच नाही. सरांनाच विचारलं तर ते म्हणाले, "ताई, ग्रेस मार्क तर भेटून गेले ना, आता कायले टेन्शन?" त्यांच्यासाठी खेळ तिथंच संपला होता. जिल्ह्यात जिंकलं तर विभागाला, नागपूरला जायचं. आधीच्या दोन्ही वर्षी आम्ही जिल्ह्यात हरलो होतो. आता हा शेवटचा. एका संध्याकाळी भाजी निवडताना थोरली मला म्हणाली, "आई, नागपूरले म्हणते खरं मैदान राहते. बॉल टाकाले उंच मातीचा ढीग करून देते. मले एकदा तिथून टाकून पाहायचं आहे." एवढंच बोलली. दुसरं काही तिनं मला त्या वर्षी मागितलं नाही, मोबाइलसुद्धा नाही. मी म्हटलं, जाशील. आणि मनात म्हटलं, जाईलच, कशी जात नाही पाहते.

जिल्ह्याचा अंतिम सामना गोंदियाला होता. घरी मळणी चालू होती म्हणून हे आले नाहीत. मी दुकान बंद ठेवलं आणि पोरींबरोबर एसटीनं गेले. समोर तीच गोंदियाची शाळा, तीच उंच पोरगी. मैदान बरं होतं, निदान गाय नव्हती. बेस पण खरी होती, पांढरी, आणि होम प्लेट रबराची. दहा वाजता सामना होता. पण आपल्याकडे सामना पाहुण्यांशिवाय होतो का कुठं? पाहुणे यायचे होते. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, पोटं सगळ्यांची सारखीच. पोरी कपडे घालून उन्हात रांगेत उभ्या. माइकवाला आलटून पालटून हिंदी-मराठीत बोंबलत होता, "कुछ ही क्षणों में आपले लाडके प्रमुख अतिथी पधार रहे हैं!" ते क्षण दोन तास चालले.

शेवटी गाड्या आल्या. हार, शाल, श्रीफळ. माझ्या पोरींच्या घशाला कोरड पडली होती आणि इकडे एकामागून एक जण दुसऱ्याला शाल पांघरत होता, ऊन असं की कांबळी टाकून द्यावीत. मग मैदानपूजन. आणि या लोकांनी पूजेसाठी जागा कोणती निवडली? होम प्लेट! सगळ्या मैदानात तीच जागा चौकटीत आखलेली, पांढरी, स्वच्छ, म्हणून तिलाच देव केलं. पाहुण्यांनी प्लेटवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, अगरबत्ती खोचली आणि प्लेटच्या कडेला नारळ फोडला. मग बॅट हातात घेऊन क्रिकेटसारखी जमिनीला टेकवली, फोटोवाल्याकडे पाहून हसले आणि हळूच टाकलेला बॉल तीनदा हुकवला. आमच्या नियमानं ते तिथंच आऊट झाले होते, पण त्यांना सांगणार कोण? टाळ्या झाल्या. फुलं आणि अगरबत्ती उचलली. हळद-कुंकू तसंच राहिलं, नारळाच्या पाण्यात भिजून प्लेटला चिकटलेलं.

सामना सुरू झाला. आमची पहिली पोरगी तिसऱ्या बेसवरून पळत आली आणि प्लेटपाशी येऊन अडखळली. कुंकवावर बूट कसा ठेवायचा? तिनं वेग कमी केला, वाकली, बोटं प्लेटला लावली, मग कपाळाला लावली, आणि मग बाजूला झाली. बॉल लांब होता, म्हणून रन मिळाला. मागे बसलेल्या बाया म्हणाल्या, "बाई बाई, किती गुणाची!" त्यांची पोरगी आली, तिनंही तसंच केलं. हाताचा स्पर्श चालतो, नियमात बसतं. पण ज्या वेळी बॉल जवळ असेल त्या वेळी वाकायला वेळ कुठला? प्लेटला शिवायच्या आधी बॉल अंगाला लावला की आऊट. मी उठून सरांकडे गेले. "सर, पोरींना सांगा, पाय ठेवा म्हणावं. वाकू नका." सरांनी पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे डोळे फिरवले. पाहुणे बरोबर प्लेटच्या मागे छत्रीखाली बसले होते. सर म्हणाले, "राहू द्या ताई. समोर बसले आहेत ना. बरं नाही दिसत."

मग मी पंचाकडे गेले. म्हटलं, "अहो, तिकडं अमेरिकेत पंच ब्रशनं पुसते. तुमी पुसा ना ते." तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी त्याला चोरी करायला सांगितली. "कुंकू पुसायला सांगता बाई? भरलं कुंकू आणि मी पुसू? माझ्यानं नाही होणार. तुमच्यानं होते का?" मी प्लेटकडे पाहिलं. खरं सांगायचं तर माझाही हात उठला नाही. मला राग आला त्याचा, पाहुण्यांचा, सरांचा आणि माझ्या हाताचा. मी परत येऊन बसले.

थोरली त्या दिवशी जे खेळली ते मी कुणालाच समजावून सांगू शकत नाही, कारण आमच्या गावात समजणारं कुणी नाही. ती उंच पोरगी दोनदा तिच्यासमोर आली आणि दोन्ही वेळा बॅट घेऊन परत गेली. पण त्यांच्याही पोरी बऱ्या होत्या. शेवटच्या डावात बरोबरी असताना त्यांच्या एका बुटक्या पोरीचा प्लेटजवळ तोल गेला, ती ढुंगणावर घसरत घसरत कुंकवावरून पार गेली, पाटलोण लालपिवळी झाली. मागच्या बाया "अरेरेरे" म्हणाल्या. पण पंचानं रन दिला. तिनं पाप केलं आणि टीम पुढे गेली.

मग आमची शेवटची पाळी. दोन पोरी आऊट झाल्या होत्या, तिसरी झाली की खेळ खलास. थोरली तिसऱ्या बेसवर, बॅट धाकटीच्या हातात. थोरली घरी, म्हणजे प्लेटवर, आली असती तर बरोबरी, आणि मग डाव चालू. धाकटीनं बॉल मारला. जोरात नाही, गडगडत तिसऱ्या बेसकडे गेला. थोरली सुटली. त्यांच्या पोरीनं बॉल उचलला. धाकटी तिकडे पहिल्या बेसला पोहोचल्यातच जमा होती, म्हणून त्या पोरीनं तो प्लेटकडे फेकला. मी उभी राहिले, खुर्ची मागे पडली. मला दिसत होतं, थोरली पुढे होती, बॉल मागे होता. मी जीव खाऊन ओरडले, "पाय टाक! वाकू नोको! पाय टाक गं पोरी, पाय टाक!"

ती वाकली. शेवटची दोन पावलं तिनं आखडती घेतली, देवळाच्या पायरीशी घेतो तशी, आणि हात पुढे केला. तेवढ्यात प्लेटपाशी उभ्या असलेल्या त्यांच्या पोरीनं झेललेला बॉल तिच्या खांद्याला लावला. पंचानं अंगठा वर केला. थोरलीची बोटं कुंकवात होती. ती तशीच खाली बसून राहिली, आणि आजूबाजूला गोंदियाच्या पोरी उड्या मारू लागल्या.

बक्षीस समारंभ. पाहुण्यांनी माइक घेतला. मला वाटलं, जिंकलेल्या पोरींचं कौतुक करतील. तर म्हणाले, "आज मी काय पाहिलं? एक कन्या हारली, पण तिनं कुंकवावर पाय नाही ठेवला! आज खेळ हारला असेल, पण संस्कार जिंकले! त्या मुलीची माता कुठं आहे? त्या माऊलीला इथं बोलवा." टाळ्यांचा कडकडाट. माइकवाला, "तालियाँ कम नहीं होनी चाहिए!" मला ढकलत ढकलत स्टेजवर नेलं. माझ्या अंगावर शाल टाकली, हातात आणखी एक नारळ दिला आणि म्हणाले, दोन शब्द बोला. समोर थोरली बसली होती, मान खाली, बोटांवरचं कुंकू पाटलोणीला पुसत.

मी माइक घेतला. म्हटलं, "मले भाषण येत नाही. पण एक आयका. माझी पोरगी आऊट झाली. संस्कार काही जिंकले-बिंकले नाही, आमी हारलो. तिनं पाय टाकला असता तर आमी अजून खेळून राहिलो असतो. नारळ फोडायचा तर देवळात फोडा. प्लेटवर कायले फोडता? ती पाय ठेवायची जागा आहे." पाहुण्यांचं हसू तसंच चिकटून राहिलं. सर खाली मान घालून बूट पाहू लागले. माइकवाल्यानं एक शब्द ऐकला नव्हता. तो ओरडला, "बहोत बढ़िया, बहोत बढ़िया! माताजी के लिए जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी खरंच वाजवल्या. म्हणजे पाहुणे आणि सर सोडले, तर मी काय बोलले हे तिथं फक्त माझ्या दोन पोरींना कळलं.

परतीच्या एसटीत धाकटी पुढच्या सीटवर मैत्रिणींबरोबर बसली. थोरली माझ्या शेजारी खिडकीशी. बस गोंदिया सोडून धानाच्या बांध्यांमधून जाऊ लागली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "तू भर सभेत मले आऊट म्हटलं."

"होतीसच."

"नव्हती. माझा हात आधी लागला."

"बॉल आधी लागला. मी पाहिलं."

"बाबा राहिले असते तर मले सेफ म्हटलं असतं."

"बाबाले बेसबॉल कळत नाही."

ती हसली. म्हणजे हसायला गेली आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिनं तोंड माझ्या खांद्यात घातलं आणि मोठ्यानं रडू लागली. लहानपणी रडायची तशी, लाज सोडून, हुंदके देत. "आई, मले आता कुठंच टाकता नाही येणार," एवढंच तिच्या रडण्यातून कळत होतं. मी तिला गप्प केलं नाही. गप्प कशाला करायचं? समजूत घालायला माझ्याजवळ होतं काय? पुढचं वर्ष नाही, नागपूर नाही, तो मातीचा ढीग नाही. मी तिचा हात हातात घेतला, ज्या हातानं ती बॉल टाकत होती तो, आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. चाळिशी ओलांडलेली बाई मी, एका खेळासाठी एसटीत रडत होते.

बसमधले लोक वळून वळून पाहू लागले. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "काय झालं वो बाई? घरचं कोणी गेलं का?"

मी पदरानं नाक पुसलं आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कोणी गेलं नाही. काय पाहून राहिले सगळे? हारून आलो आमी."